बुवांचा दुसरा पखवाजी

पखवाजाला लावायची कणिक बळीरामबुवा स्वतः मळायचे. मिठागरात रापलेल्या त्या हातांना दुसऱ्या कुणाची कणिक पटत नसे. "ताल चुकला की देवालाबी ठेच लागते," म्हणायचे. कळव्याच्या गावठाणातल्या देवळात दर गुरुवारी त्यांचं भजन असे. मी शाळेत कारकून. डोंबिवलीहून खास त्यासाठी यायचो. अकरा वर्षं पखवाज मीच वाजवला.

मग रामाश्रय आला. उत्तरेकडचा, शेजारच्या टॉवरमध्ये लाद्या बसवणारा. दारात उभा राहून ऐकायचा. एका गुरुवारी बुवांनी त्याला आत बोलावलं आणि माझ्यापुढचा पखवाज त्याच्यापुढे सरकवला. त्याचा पहिला हात पडला आणि बुवा गाता गाता हसले. माझ्या वाजवण्यावर ते तसे कधीच हसले नव्हते.

"बुवा, त्याला मराठीसुद्धा येत नाही," मी नंतर म्हणालो.

"त्याच्या बोटांना येते ना!"

मी जळफळत घरी आलो. पुढच्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या एका संघटनेच्या कार्यालयात गेलो. बाहेरच्यांना हाणून हाकलायचं, हेच त्यांचं काम. तिथे कुणाला दुसऱ्याची रिक्षा खुपत होती, कुणाला दुकान. प्रत्येकाचा हेवा तिथे अभिमान होऊन बसला होता. माझाही बसला. "आता देवळातही हेच घुसलेत," मी म्हणालो, आणि रामाश्रयचं नाव सांगितलं.

चार दिवसांनी संघटनेच्या पोरांनी त्याला कामावरून परतताना गाठलं. उजवा हात मनगटातून मोडला. प्लास्टर घालून तो गावी निघून गेला.

मला राहवेना. बुवांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं.

"दिलीप, तुला राग माझा आला होता रे. मग माझ्याशी भांडायचंस. त्याचा हात कशाला मोडलास?"

संघटना मी सोडली. भजनालाही पुन्हा गेलो नाही. बुवांनीही बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेलो. आवाज पार बसला होता. उशीखालून त्यांनी एक चिठ्ठी काढून दिली.

"रामाश्रयचा नंबर हाय. मी बोलतो त्याच्याशी अधनंमधनं. तू एकदा बोल."

तिसऱ्या दिवशी बुवा गेले. चिठ्ठी माझ्या खिशात आहे. बुवा गेल्याचं रामाश्रयला अजून कुणी कळवलेलं नाही. ते मलाच सांगायचं आहे, आणि फोन उचलल्यावर तो आधी विचारणार, कोण बोलतंय.