एलेसीच्या हाती दिलेला मग

माझी थोरली बहीण एलेसी म्हणजे सरोवरकाठची एक नंबरची फटकळ बाई. मासळी सुकवायच्या मांडवावर ती उभी राहिली की घासाघीस करणारे व्यापारी मुकाट्याने पोतं पुढे करायचे. गावच्या मुखियालाही तिने भर सभेत ‘आधी तोंड धुऊन या, मग न्याय करा’ म्हणून सुनावलं होतं. पण जावयापुढे हीच बाई मुकी. आमच्यात जावई बायकोच्या गावी नांदायला येतो आणि सासू दिसली की वाट सोडतो. तिचा जावई बिझविक आणि ती एकाच अंगणात राहिली, पण त्यांनी कधी एकमेकांकडे मान वर करून पाहिलं नाही. काही सांगायचंच असलं तर मधे लेक, तियामिके. माया मात्र पोटच्या पोरावर करावी तशी. जाळ्यात बरा मासा आला की तो बिझविकच्याच ताटात मक्याच्या पिठाच्या न्सीमाबरोबर जायचा.

पावसाळा सरताना बिझविकला जुलाब-उलट्या लागल्या. बाजारातल्या औषधवाल्याने, मेल्याने, वर मूत्रपिंडांना बाधणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. डोळे खोल गेले तेव्हा त्याला जिल्ह्याच्या इस्पितळात हलवायचं ठरलं. आमच्याकडे इस्पितळात रुग्णाचं खाणंपिणं, धुणंपुसणं घरच्यांनीच करायचं असतं. तियामिके ओली बाळंतीण, तिच्यापाशी मी. बिझविकची माणसं सरोवरापलीकडे. मग गेली एलेसीच.

तिथे सिस्टर चिसालेंनी तिच्या हातात मापाच्या रेघांचा प्लास्टिकचा मग दिला. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडं अचानक बंद पडतात, वेळीच कळलं तर माणूस वाचतो, म्हणून लघवी किती होते ते मोजून सांगा, असं नर्सांच्या नव्या शिकवणीत ठरलं होतं. चांगलंच ठरलं होतं. नर्सा थोड्या, खाटा भरलेल्या, तेव्हा मोजायचं घरच्यांनी. पण अगं बाई, तो मग कुणाच्या हातात देतेस, एवढं तरी विचारायचंस!

एलेसीने तो मग कमरेच्या कापडाखाली लपवला आणि खाटेकडे पाठ करून बसली. सिस्टरने लघवी झाली का विचारलं की ही म्हणायची, झाली, ओतून आले. सिस्टरने बिझविकलाही विचारलं. पायथ्याशी सासू बसलेली, तो काय बोलणार? भिंतीकडे तोंड करून ‘हो’ म्हणाला. खरं तर थेंब झाला नव्हता. लघवी होतेय म्हणून सलाइन चालूच राहिलं. आधी पाय सुजले, मग तोंड, मग दम लागला. डॉक्टरांनी लघवीची नळी घातली तेव्हा पिशवी कोरडी राहिली. रक्त गाळायचं मशीन शहरात होतं. गाडी निघाली, पण तो वाटेतच गेला.

तियामिकेने आईला एकच विचारलं, तुझी लाज मोठी होती की तो?  

त्याच्या वस्तू आणायला आम्ही दोघी इस्पितळात गेलो, तर सिस्टर सगळ्यांदेखत कडाडल्या, “खोटं का बोललात, आई? खरं सांगितलं असतंत तर जगला असता.”

एलेसीने प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, “सिस्टर, तुम्हालाही जावई आहे. तुम्ही त्याला कोणत्या तोंडाने विचारलं असतं?”

सिस्टरांनी त्याच्या वस्तूंचं गाठोडं आमच्यापुढे सरकवलं. त्याही आमच्यातल्याच, त्यांना काय ठाऊक नव्हतं?

आता मूत्रपिंडांच्या शिकवणीत बिझविकची गोष्ट सांगतात. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय! माझी दुसरी एक भाची तिथे नर्सिंग शिकते, तिनेच सांगितलं. एका अडाणी बाईने खोटं सांगितलं आणि रुग्ण दगावला, असं सांगतात. ती बाई त्याची सासू होती, एवढंच तेवढं गाळतात.