बोकडावरून आलेली उष्टी हळद

माझ्या सायकलला बोकड हे नाव वहिनीने ठेवलं. हँडल दोन्ही बाजूंनी शिंगांसारखं खाली वळलेलं, म्हणून. दुकानदार तिला ग्रॅव्हल बाइक म्हणाला होता. म्हणजे खडीतून, मातीतून, चिखलातून कुठूनही जाणारी जाड टायरची सायकल. नोकरीतून लवकर मोकळा झालो तेव्हा मी ती घेतलेली. डोंबिवलीजवळ कोपरला आमच्या बिल्डिंगखाली आणून भिंतीला टेकवली, कारण तिला स्टँड नाही. वहिनीने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही. मग भाऊजी, आहे काय हिला?"

"गिअर आहेत," मी म्हटलं.

"ते तरी कशाला ठेवलेत मग," म्हणाली आणि दूध आणायला गेली.

मी कशाला मनावर घेतोय. रोज सकाळी बोकड काढायचा आणि खाडीच्या कडेने सुटायचं. डावीकडे तिवरांची झाडं, उजवीकडे खाजण, म्हणजे भरतीला पाणी येऊन जाणारी सपाट चिखलाची जमीन. मधून जुने मातीचे बांध आणि कुठल्याशा अर्धवट रस्त्यासाठी पसरून ठेवलेली खडी. माणूस नाही, हॉर्न नाही. बगळे तेवढे माझ्याकडे बघतात, आणि तेही वहिनीसारखंच. तरीही मला तिथे फार बरं वाटतं.

मी लग्न केलं नाही. दादाच्याच घरात राहतो. त्याच्या मुलीला, माझ्या पुतणीला, सायकल मी शिकवली. मैदानात मागून सीट धरून पळायचो आणि ती सारखी ओरडायची, "काका, धरलंयस ना?" मी म्हणायचो, "धरलंय, धरलंय," आणि तेव्हा मी पार मागे, चिंचेखाली शेंगदाणे खात उभा असायचो. ज्या दिवशी तिने वळून पाहिलं त्या दिवसापासून बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

तर तिचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा. दादाने घरातल्या प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलं. मला पार्किंग दिलं. ज्याला आयुष्यात गाडी चालवता आली नाही त्याला पार्किंग. मला लागलं ते. घरचं एकच लग्न होणार होतं, आणि त्यात आपण रस्त्यावर उभं राहून "मागे घ्या, मागे घ्या" करायचं.

हळद आणि लग्न एकाच दिवशी होतं, रविवारी. मुहूर्त दुपारचा. हळद सकाळी घरी, आमच्या गच्चीवर. आमच्याकडे आधी नवऱ्याला हळद लावतात आणि त्याला लावून उरलेली, उष्टी हळद नवरीकडे पाठवतात. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. त्यात ताई, माझी थोरली बहीण, म्हणजे नवरीची आत्या, नियमांच्या बाबतीत फार कडक. हळद लागेपर्यंत नवरीने तोंडात काही घालायचं नाही, असा तिचा कायदा. आणि आमची पुतणी उपाशी असली की तिच्या वाटेला कोणी जात नाही.

उजाडल्यापासून ती पाटावर बसून. हळदीचा पत्ता नाही. कल्याणहून फोन आला की पुलावर कंटेनर आडवा झालाय, गाडीच काय, स्कूटरसुद्धा निघत नाही. ट्रेनचं म्हणावं तर रविवारचा मेगाब्लॉक, गाड्या बंद. खालून शिऱ्याचा वास गच्चीवर येत होता. पुतणी एकेकाकडे अशी बघत होती की फोटोग्राफर मागे जाऊन उभा राहिला.

"मी आणतो," मी म्हटलं. "खाडीच्या कडेने. बोकडावरून."

मग दादा म्हणाला, "तू पार्किंग बघ."

"जाऊ दे त्याला," पाटावरून आवाज आला. "काका, तू जा. आणि लवकर ये, नाहीतर मी हा पाट खाईन."

मी जिने असे उतरलो की पायाखाली किती पायऱ्या आल्या ते कळलंच नाही. जाताना सगळं मस्त जमलं. ओहोटी होती, खाजण कोरडं होतं, बोकड खडीवरून खडखडत सुटला. कल्याणला पोचलो तर त्यांची गाडी अजून त्यांच्याच सोसायटीच्या गेटात. आत नवऱ्याच्या बहिणी, नटून, घामाघूम. थोरलीने खिडकीतून स्टीलचा डबा पुढे केला.

"कलता करू नका. खाली टेकवू नका. मध्ये कुठे थांबू नका." मग तिने बोकडाकडे पाहिलं. "कॅरिअर कुठाय?"

शेवटी तिने आपल्या नवऱ्याचं उपरणं काढून घेतलं आणि डबा माझ्या पोटावर करकचून बांधला. वॉचमनने मला सावकाश जायला सांगितलं, आणि तेही दिवस गेलेल्या बायकांना सांगतात तशा आवाजात.

येताना मात्र घोळ झाला. जाताना जिथे कोरडं होतं तिथे आता पाणी होतं. भरती-ओहोटी बघून निघावं, हे मीच अख्ख्या डोंबिवलीला ऐकवत फिरतो. मग मी वरच्या बांधाने निघालो. बांधावर म्हशी. घंटी असती तर वाजवली असती, पण ते वहिनीला कोण सांगणार. तोंडाने "टिंग टिंग" केलं. एक म्हैस वळली, ती नेमकी माझ्याच बाजूला. मी बांधावरून खाली, बोकड माझ्यावर, आणि पोटावरच्या डब्याचं झाकण कुठे गेलं ते देवालाच ठाऊक.

उठून बघितलं. डब्यात निम्मा चिखल. हळद माझ्या छातीवर, गळ्यावर, हनुवटीवर, आणि बोकडाच्या मधल्या जाड दांडीवर लपालपा बसलेली. दांडीवरची तेवढी स्वच्छ.

मला रडूच आलं. पडल्याचं नाही. ती तिकडे उपाशी बसलेली, आणि एवढ्या माणसांत तिने माझं नाव घेतलं होतं.

पुढे पाणीच होतं, म्हणून बोकडाचं पुढचं-मागचं चाक धरून त्याला डोक्यावर घेतला, दांडी वर, आणि गुडघाभर पाण्यातून पळत सुटलो. तिथे एक जण जाळं घेऊन उभा होता. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं.

"काय रं नवरदेवा," तो म्हणाला, "मांडवातना पलालास का? या वयात?"

"हळद पोचवायची आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"ती तर तुलाच लागली."

गच्चीवर पोचलो तेव्हा बायकांनी गाणं मध्येच थांबवलं. दादाने कपाळाला हात लावला. मी बोकड तसाच जिन्याने वर आणला होता, डोक्यावर धरून, आणि दांडीकडे बोट दाखवत उभा राहिलो. ताई पुढे आली आणि तिने मला आधी नीट तपासलं.

"तुझ्या अंगावरची चालणार नाही. ती आता तुझी उष्टी झाली."

"आणि सायकलवरची?" वहिनीने विचारलं.

ताई विचारात पडली. पुतणी पाटावरून म्हणाली, "आत्या, सायकल काय नवरदेव आहे का? पुसून घ्या आणि लावा. मला चक्कर येतेय."

"निर्जीव वस्तूला उष्टं लागत नाही," ताईने निकाल दिला.

मग बोकड मांडवात उभा राहिला. म्हणजे मी धरून उभा केला, स्टँड नाही ना. एकेक सवाष्ण यायची, आंब्याच्या पानाने दांडीवरची हळद निपटायची आणि नवरीच्या गालाला लावायची. वहिनीने जाता जाता हँडलला कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली. हळदीची आंघोळ झाल्यावर शिऱ्याच्या पहिल्या दोन वाट्या तिने पुतणीला दिल्या आणि तिसरी मला.

लग्न लागलं. मी पार्किंग बघितलं. खोटं कशाला सांगू, चांगलं बघितलं.

संध्याकाळी पाठवणी. सगळे रडत होते. मला रडायला सवड नव्हती, कारण तिची फुलांची गाडी मागच्या दोन गाड्यांमध्ये अडकली होती आणि ती मलाच काढून द्यायची होती. "येऊ द्या, येऊ द्या," करत मी ती रस्त्याला लावली आणि ती निघून गेली. मग हात रिकामे झाले. काय करावं ते कळेना, म्हणून झब्ब्यावरच बोकडावर बसलो आणि तिच्या गाडीमागे निघालो.

वळण घेतलं तर गाडी समोरच. पुढे रस्ता गच्च. मी जाऊन खिडकीशी उभा राहिलो. काच खाली झाली. डोळे सुजलेले, मुंडावळ्या एका कानावर आलेल्या.

"काका, तू काय करतोयस?"

"काही नाही. फिरायला निघालोय."

ती हसली. गाडी जरा पुढे जायची, मीही जायचो. तिने पदराखालून पुडीतला लाडू काढून अर्धा मला दिला. नवरा बिचारा पलीकडे बसून होता, त्यालाही मग चिमूटभर मिळाला. तिने हात बाहेर काढून बोकडाच्या दांडीवर ठेवला आणि म्हणाली, "धरलंय हं मी."

"घरी येत जा आता," मी म्हणायचो. "हो," ती म्हणायची. आम्ही दोघं काय बोलत होतो कोण जाणे. मागून हॉर्न वाजत होते आणि जन्मात पहिल्यांदा मला त्यांचा राग येत नव्हता.

मग पुलाजवळ अचानक रस्ता मोकळा झाला. ड्रायव्हरने गिअर टाकला. तिचा हात दांडीवरून सुटला, गाडी पुढे गेली आणि काच वर होताना दिसली. मी खूप वेळ पाय मारले. मग थांबलो.

या रस्त्यावरच्या ट्रॅफिकला मी आयुष्यभर शिव्या घातल्यात. त्या दिवशी तो सुटला म्हणून घातल्या.