वांग्याच्या वावरातली कॅसेट

हेमराज आमच्या नाचणगावात लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याचं दुकान माझ्या घराला लागूनच, पुलगावला जाणाऱ्या रस्त्यावर. मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. माझं अक्षर बरं आहे असं लोक म्हणत, म्हणून त्याच्या कॅसेटींवर नवरा-नवरीची नावं मी लिहून द्यायचो. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं ‘शुभविवाह’ असं लिहून दिलं की तो त्या पुठ्ठ्यावरच कॅमेरा धरायचा. तेच टायटल. त्याच्या धंद्याशी माझा संबंध एवढाच.

त्याची बायको रंभा लाईट धरायची. पुरुषमाणूस हॅलोजन घेऊन बायकांच्या घोळक्यात शिरला की बायका पदर ओढून पाठ फिरवत. रंभा शिरली की तिच्याशी बोलत राहत आणि हेमराजला चेहरे चांगले मिळत. पुलगावपासून देवळीपर्यंत कितीतरी लग्नं दोघांनी अशी केली. सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडावर उजेड पडायचा आणि उजेड धरणारी कॅमेऱ्याच्या बाजूला, अंधारात.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला गावात केबल आली. टीव्हीवर अशी गाणी दिसू लागली ज्यांना मागेपुढे सिनेमाच नव्हता. एकच गायक, एकच गाणं, पाच मिनिटांत सगळं संपलेलं. हेमराज दुकानात खुर्ची उलटी करून ती बघत बसायचा.

“गुरुजी, सिनेमा नसला तरी गाण्याचा सिनेमा होते,” तो एकदा म्हणाला. “आपल्या भुलाबाईच्या गाण्याचा काऊन नाई होणार?”

भुलाबाई आमच्याकडे पोरींचा सण. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघरी जातात, भुलाबाईपुढे बसून गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायला लावतात. रंभाचं माहेर आर्वीकडचं. तिला ही गाणी इतकी येत की एका महिन्यात संपत नसत. आवाज जाडसर होता, पण ऐकत राहावासा.

पंच्याण्णवच्या कोजागिरीआधी त्यानं ते मनावर घेतलं. रविवारी मी शाळेची किल्ली दिली. खिडक्या लावून एका वर्गात टेपरेकॉर्डरवर रंभाचं गाणं घेतलं. मग शूटिंगचं निघालं तेव्हा ती अडून बसली.

“माहा आवाज घ्या. तोंड नोको.”

“अवं, गाणं तुहं, तर तोंड कोणाचं दाखवू? गुरुजीचं?”

“दाखवा. गुरुजीले लुगडं नेसवा,” ती म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली, “केबलवर लागन ते. आत्याबाईले लोक म्हणतीन, सून टीव्हीत नाचून राह्यली. मले नाई जमत.”

शेवटी माझ्या वर्गातून पुढे गेलेली आचल उभी राहिली. पंधरा-सोळा वर्षांची, तरतरीत. शाळेच्या अंगणात टेपरेकॉर्डर लावायचा आणि आचलनं त्यावर ओठ हलवायचे. सेल उतरले की गाणं संथ व्हायचं, आचलचे ओठ पुढे निघून जायचे आणि रंभा हसत खाली बसायची. ती दिवसभर थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून आचलच्या तोंडावर उन्हाचा उजेड पाडत होती. सबंध दिवस गेला, तीन तासांची कॅसेट भरली.

टायटलचा पुठ्ठा लिहिताना मी विचारलं, “गायिका कोण लिहू?” रंभा म्हणाली, “लिहूच नोका.” मी ‘आवाज : एक बहीण’ असं लिहिलं. मला ते तेव्हा छान वाटलं होतं.

ते गाणं पुलगावच्या केबलवर खूप लागलं. लोक फोन करून मागत. आचलला बाजारात पोरी ओळखू लागल्या. रंभा भाजी घेत त्यांच्या शेजारून निघून जायची आणि घरी येऊन आम्हाला ते सांगताना तिला मजा वाटायची. निदान मला तसं वाटायचं.

दोन हजार एकमध्ये रंभा काविळीनं गेली. पंधरा दिवसांत. त्यांना मूलबाळ नव्हतं. हेमराज एकटा लग्नं करू लागला, लाईट स्टँडवर लावून. बायका पुन्हा पदर ओढू लागल्या.

दरम्यान गाणं आपल्या वाटेनं चाललं होतं. नागपूरहून त्याच्या व्हीसीडी निघाल्या, वर आचलचा फोटो. दोन-चार वर्षांनी कोणीतरी कॉम्प्युटरवर त्याच्याखाली ढोल घातला आणि भलत्याच कुठल्या नाचणाऱ्या पोरी जोडल्या, कडेनं उडणारे बदाम. मग ते मोबाईलच्या कार्डात गेलं, बोटभर चित्र, तेही थांबत थांबत चालणारं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात वरातीत ते वाजत होतं. हेमराज कॅमेरा खांद्यावर घेऊन उभा होता. पुढे मुलं नाचत होती आणि एकानं मोबाईल वर धरून त्या पोरी त्याला दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला.

“गुरुजी, साऱ्या जिल्ह्याचे चेहरे घेतले म्या. तिचा नाई घेतला.”

“फोटो आहे ना लग्नातला.”

“फोटो हालत नाई. मले तिले एक डाव हालताना पाह्याचं हाय. आता डोये मिटले तं आवाज तिचा येते अन् तोंड आचलचं येते. रोज येते. तिचं तोंड चाललं मायाजवळून.”

मी चहा ठेवायला उठलो. मग तो तिथूनच म्हणाला, “शूटिंगच्या दिवशी ती येकाधडाव मंधात आली असन. आचलची येणी-गिणी सावराले.”

पण त्या कॅसेटीवर त्यानंच पुढे लग्नं घेतली होती. सगळे शूटिंगवाले तेच करत. मिक्सिंग होऊन गिऱ्हाइकाची कॅसेट गेली की कच्ची कॅसेट मागे फिरवायची आणि पुढच्या लग्नाला सुरुवातीपासून पुन्हा भरायची. पाच-सहा लग्नांनी रेघा येऊ लागल्या की पोत्यात टाकायची.

“लग्न अडीच तासांचं असलं, तर शेवटचा अर्धा तास तसाच राहत असेल ना?” मी विचारलं. शंकाच होती ती. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही.

हेमराज माझ्याकडे बघत राहिला. “राह्यते,” तो म्हणाला. “बापा, राह्यते. आपून तं लग्न सरलं का बंद करतो, पुढं कोण पाह्यते.” मग त्याचा चेहरा उतरला. “पन पोते म्या वाटून देल्ले.”

छोट्या कॅसेटींचा नवा कॅमेरा घेतला त्या वर्षी त्यानं जुन्या कॅसेटी भाजीवाल्यांना देऊन टाकल्या होत्या. आतली फीत ओढून खुंट्यांना बांधली की वाऱ्यानं गुणगुणते, उन्हात चमकते, पाखरं येत नाहीत. नदीकडच्या सगळ्या वावरांत तेव्हा अशा फिती ताणलेल्या दिसायच्या. लोक गमतीनं म्हणायचे, आमच्या टमाट्याभोवती अमक्याचं लग्न लागलंय.

आम्ही वावरोवावरी फिरलो. मी सोबत गेलो कारण कॅसेटींवरची अक्षरं माझी होती. नवीन लग्न आलं की मी जुनं नाव खोडून खाली दुसरं लिहायचो. आम्हाला हवी होती ती कॅसेट, जिच्यावर सगळ्यात वरचं खोडलेलं नाव ‘भुलाबाई’ असेल. आठ दिवसांत कुठे रिकामी खोकी सापडली, कुठे नुसते खुंटे. एका बाईनं सांगितलं की तिनं फितीच्या दोऱ्या वळून खाट विणली. हेमराजनं ती खाट हात लावून पाहिली.

मनोहररावांचं वांग्याचं वावर शेवटचं. ते खाटेवरून उठले नाहीत.

“आता काऊन पाह्यजे, हेमराजभाऊ? देल्लेली वस्तू वापस मांगून राह्यले?”

“पाहू द्या फक्त.”

“झोपडीत टिनाच्या डब्यात हायेत तीन-चार. अर्ध्या-अर्ध्या वापरल्या. चिमण्या कमी झाल्या तं ठेवून देल्ल्या. उरलेली उद्याच बांधणार होतो, भाऊ, नशीब तुमचं.”

तिसरी कॅसेट मी हातात घेतली. लेबल पिवळं पडलं होतं. पाच नावं खोडलेली, सहावं पुसट. सगळ्यात वर काट मारलेली, पण ‘भु’ स्पष्ट होता. माझाच.

हेमराज तिथेच मातीत बसला. कॅसेट उलटसुलट करून त्यानं काचेतून पाहिलं. फीत सुरुवातीकडून ओढली जाते, शेवट चाकावर गुंडाळलेला राहतो, असं त्यानं मला समजावलं. मनोहररावांनी तोडलं होतं ते सारं लग्नच होतं.

माझ्या घरी येऊन त्यानं खोकं उघडलं, तुटकं टोक चिकटवलं. दुकानात एकच व्हीसीआर उरला होता तो आणला, त्याचा पट्टा सैल झालेला. आधी लग्नाच्या पंगती दिसल्या, मग नुसत्या रेघा, मग आमच्या शाळेचं अंगण. उन्हं कललेली. आचल टिपऱ्या धरून कंटाळून उभी. डावीकडून थर्माकोलचा पत्रा खाली पडला आणि रंभा आली. पाठमोरी. आचलची वेणी सोडून पुन्हा घातली. मग वळली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं.

“चालू हाय काय?”

“नाई, बंद हाय,” हेमराजचा तेव्हाचा आवाज म्हणाला.

तिला खरं वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं, कंबरेवर हात ठेवले, आणि गाण्याची एक ओळ स्वतःच म्हटली, आचलला दाखवायला, तोंड नीट उघडून. बोटानं ताल धरत. मग तिला कॅमेऱ्यावरचा लाल दिवा दिसला असावा. “लबाड माणूस,” असं म्हणत ती हात पुढे करून आली आणि तळहातानं सगळं काळं झालं.

ती वळल्यापासून, व्हीसीआरच्या आकड्यांवरून, बावीस सेकंद.

हेमराज पडद्याकडे बघत होता. “बंद हाय,” तो हळूच म्हणाला.

मी म्हटलं, “परत लाव.” त्यानं नकारार्थी मान हलवली. पट्टा फीत ओढून खाईल, नागपूरला नेऊन आधी उतरवून घेतो म्हणाला. कॅसेट काढून त्यानं ती माझ्यापुढे केली आणि पेन दिलं.

सहाव्या नावावर मी काट मारली. खाली जागा थोडीच उरली होती. लहान अक्षरांत लिहावं लागलं, पण पूर्ण लिहिलं. गायिका : रंभा हेमराज.

त्यानं ते वाचलं, फुंकर घालून शाई वाळवली आणि कॅसेट सदऱ्याच्या आत घालून शेजारी आपल्या दुकानात गेला. शटर अर्धंच वर होतं. तो वाकून आत शिरला.