अकरा घरांची चादर

माझ्या नणंदेची लेक वकील आहे. कंपन्या आतून हातमिळवणी करून भाव ठरवतात, तसले खटले ती दिल्लीत लढवायची. तिने ते काम पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी म्हटलं, यात काय विशेष? जाफराबादच्या बाजारात चार मेथीवाल्या सकाळी चहा पिता पिता भाव ठरवतात आणि दिवसभर एकमेकींशी भांडल्याचं सोंग करतात. ती हसून म्हणाली, मामी, तू चौथीत शाळा सोडली तेच बरं झालं, नाहीतर माझं पोट कसं भरलं असतं.

दहा-बारा वर्षांनी ती जालन्याला परत आली आणि पुष्कळ गिऱ्हाइकांची मिळून एकच तक्रार लढवायची म्हणाली. घरच्यांनी नाकं मुरडली. तिची तसली पहिली केस आमच्या गल्लीची होती.

आदल्या खरिपात गल्लीतल्या अकरा घरांचं सोयाबीन उगवलंच नव्हतं. तालुक्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली. बियाण्याच्या कंपनीने एकाला कळवलं, तुम्ही खोल पेरलं. दुसऱ्याला कळवलं, ओल नसताना पेरलं. भाची म्हणाली, एकेकटे गेलात तर असेच परत याल. अकरा घरांचं बियाणं एकाच लॉटचं, म्हणजे एकाच खेपेला भरलेलं होतं, एवढं दाखवा. ते जमलं नाही तर केस दारातच संपली.

लॉटचा नंबर पावतीवर कुणाच्याच नव्हता. तो असतो पिशवीच्या तोंडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर. पिशव्या कुठे आहेत, असं तिने विचारलं तर सगळे पुरुष उठून गोठ्यात शोधायला निघाले.

मी म्हटलं, "माझ्याकडं हायेत. पण त्याच्यावर पापड वाळून राह्यले."

आमच्याकडे रिकाम्या पिशव्या बायकांच्या वाट्याला येतात. त्या जोडून मी गल्लीसाठी वाळवणाची मोठी चादर शिवली होती. पेरताना पिशवीचं तोंड उसवत नाहीत, विळ्याने एक कोपरा कापतात, म्हणून चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. आणि माझा एक नियम आहे. शिवून देईन, पण दोरा ज्याचा त्याने आणायचा. त्यावरून मला कंजूष म्हणणाऱ्या पुष्कळ आहेत. त्यामुळे प्रत्येक घरची पिशवी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेली होती.

चादर गुंडाळून आम्ही जालन्याला ग्राहक आयोगात गेलो. ती टेबलावर उलगडली आणि समोर बसलेल्या आयोगाच्या मॅडमला शिंका सुरू झाल्या. पापडाआधी चादरीवर मिरच्या वाळवल्या होत्या. मी एकेक दोरा दाखवत घरं सांगितली. गुलाबी दोरा सरपंचाच्या सुनेचा, हिरवा पिठाच्या गिरणीवालीचा. चिठ्ठीवरचा नंबर भाची वाचत गेली. अकराही घरांचा तोच निघाला.

कंपनीचा वकील म्हणाला, असली चादर काय, कुणीही केससाठी शिवून आणेल.

मी म्हटलं, "मंग शिवून दाखवा ना, साहेब. दोरा तुमचा तुम्ही आणा. पण वर्षभराची मिरची कुठून आणसाल?"

मॅडम रुमालामागे हसल्या, नाहीतर शिंकल्या. भाचीने मात्र टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणजे आता गप्प बस. अकरा घरांची मिळून एकच तक्रार चालवायला मंजुरी मिळाली, आणि पुढे निकालही आमच्या बाजूने लागला. भाचीकडे आता अंबडचे, परतूरचे लोक येतात. तिने नाकं मुरडणाऱ्या घरच्यांना पेढे दिले, मला दोन जास्त.

नुकसान एकटीचं झालं ते माझं. कंपनी वरच्या आयोगात गेली, म्हणून चादर अजून पुराव्यात अडकलेली आहे. नवी शिवावी म्हटलं तर गल्लीत आता रिकामी पिशवी कुणी देत नाही. सगळ्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवल्यात. यंदाचे पापड मी भाचीच्या जुन्या काळ्या कोटावर वाळवले. लवकर वाळतात.