सासूबाई आणि सात किलोंची बॅटरी

माझ्या नवऱ्याने घरातला बल्ब कधी बदललेला नाही. बल्ब गेला की तो दोन दिवस त्याच्याकडे बघतो आणि तिसऱ्या दिवसापासून त्या खोलीत जाणं सोडतो. अशा माणसाने एका रविवारी सकाळी सांगितलं की तो विमान बांधायला चाललाय, तेव्हा मी पोहे परतत होते. मी परततच राहिले.

आम्हाला कोलकात्यात येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नवरा आयटी कंपनीत. त्याची बदली झाली, म्हणून मी आणि माझ्या सासूबाई पुण्याहून त्याच्या मागोमाग आलो. बालीगंजमधल्या एका जुन्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. खाली घरमालक एकटेच राहायचे. वय बहात्तर, जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेला, बायको वारलेली, मुलगी परदेशी. त्यांना आम्ही मेशोमशाई म्हणायचो, म्हणजे बंगालीत मावशीचे यजमान. मावशी कोण, हे विचारायचं नसतं.

विमान त्यांचं होतं. नकाशे मागवून, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापून, एकेक रिवेट ठोकत ते गेली सहा वर्षं दोन माणसांचं छोटं विमान बांधत होते. खिदिरपूरला गोदीजवळ त्यांच्या जुन्या मित्राची एक रिकामी शेड होती, तिथे ते उभं होतं. पंख वेगळे काढून भिंतीला टेकवले होते, कारण पंख लावल्यावर विमान दारातून बाहेर येत नसे. तरुणपणी ते फ्लाइंग क्लबात उडायला शिकले होते. पुढे आयुष्यभर पाण्यावर राहिले, त्याचा राग असावा.

नवऱ्याला त्यांनी हेरलं ते एक्सेलमुळे. विमानातल्या प्रत्येक वस्तूचं वजन आणि ती कुठे बसवली आहे हे मांडून विमानाचा तोल कुठे येतो ते काढावं लागतं. मेशोमशाई ते वहीत करायचे. नवऱ्याने एका संध्याकाळी त्यांना ते लॅपटॉपवर करून दाखवलं आणि दोघांच्या डोळ्यांत मी असं काही पाहिलं, जे माझ्या लग्नात दिसलं नव्हतं.

गणिताचा निकाल मात्र वाईट लागला. मेशोमशाईंना मिळालेलं इंजिन नकाशातल्या इंजिनापेक्षा जड होतं. तिन्ही चाकं तीन वजनकाट्यांवर ठेवून पाहिलं, तर विमान नाकाने जड भरलं. तसंच ठेवलं तर उतरताना नाक हवं तेवढं वर येणार नाही, असं मला सांगण्यात आलं. उपाय एकच. नकाशात बॅटरी पुढे इंजिनाजवळ होती, ती उचलून मागे न्यायची. सीटच्या मागे, खांद्याच्या उंचीवर एक जागा होती. सात किलोंची बॅटरी तिथे गेली की तोल बरोबर मध्ये यायचा.

हे सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर चाललं होतं. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्या निवृत्त शाळामास्तरीण, पी.टी. शिकवायच्या. त्या अडुसष्टच्या झाल्या, तरी त्यांच्यासमोर मी अजून पाठ ताठ करून बसते.

"ती बॅटरी ज्या सीटच्या मागे येणार," त्यांनी विचारलं, "त्या सीटवर कोण बसणार?"

दोघेही पुरुष माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला कळलं की पहिली प्रवासी मी आहे, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. नवऱ्याचं वजन जास्त होतं आणि माझं एक्सेलमध्ये बरोबर बसत होतं.

"आणि विमान अचानक थांबलं, तर?" सासूबाई म्हणाल्या.

"बॅटरी बांधलेली असेल ना, आई."

"कशाने?"

कशाने, ते पुढच्या रविवारी आम्ही खिदिरपूरला जाऊन पाहिलं. नवऱ्याने ते काम मागून घेतलं होतं. प्लायवुडचा एक तुकडा, त्यावर बॅटरी, तिच्याभोवती काळ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या आणि वरून सुटकेस बांधायचा पट्टा. पट्ट्यावर आमच्या महाबळेश्वरच्या ट्रिपचं लेबल अजून चिकटलेलं होतं. त्याने बॅटरी हाताने गदागदा हलवून दाखवली. "बघा, जागची हलत नाही."

मेशोमशाई एका उलट्या बादलीवर बसले आणि आम्हाला एक गोष्ट सांगितली. एकदा वादळात त्यांच्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये एक मोठी बॅटरी बांधातून सुटली. जहाज डावीकडे कललं की ती डावीकडे, उजवीकडे कललं की उजवीकडे. तिघे जण पाऊण तास शिडीवर चढून बसले होते, कारण खाली ती फिरत होती. "समुद्रात जी वस्तू बांधलेली नाही," ते म्हणाले, "ती जहाजाची मालक होते." त्यांच्या हिंदीत स्त्रीलिंग-पुल्लिंग भेटेल तसं यायचं आणि सासूबाईंची हिंदी म्हणजे मराठीच्या शेवटी 'है'. दोघांचं उत्तम जमायचं.

नियम त्यांना ठाऊक होता. विमान आपटून थांबलं तर मागची वस्तू पुढे धावते. म्हणून ती धरणाऱ्या बांधणीने पुढच्या दिशेला वस्तूच्या नऊपट वजन पेललं पाहिजे, असा हिशेब त्यांनी धरला होता. सात नव्वे त्रेसष्ट. त्रेसष्ट किलो टांगून बघायचं आणि काही वाकतं-तुटतं का ते पाहायचं.

"तांदळाची पोती आणू," नवरा म्हणाला.

"पोतं फुटलं की सगळी शेड झाडत बसावं लागेल," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे की त्रेसष्ट किलो. सकाळीच केलं वजन."

मी म्हटलं, "आई, असलं काही करायचं नाही."

"बॅटरी तुझ्याच डोक्यामागे बसणारे ना? मग मला बघू दे."

माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत. त्यात त्या माझ्यासाठी उघडपणे काही करायला निघाल्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो टांगून घेण्याचा असावा, हे मला फार नवल वाटलं नाही.

मेशोमशाईंनी आधी हात हलवून नको नको म्हटलं. मग बोलता बोलता त्यांच्यातला इंजिनीअर जागा झाला. विमानाच्या सांगाड्यासारखाच एक तुकडा त्यांच्याकडे उरला होता. तो त्यांनी शेडच्या तुळईला असा बांधला की विमानाची पुढची दिशा जमिनीकडे आली. त्यावर नवऱ्याचा प्लायवुड आणि बॅटरी. बॅटरीला दोर, दोराला फळी. थोडक्यात झोपाळा. जमिनीपासून वीतभर उंच, खाली दोन गाद्या, आणि बॅटरी सुटली तर डोक्यात पडू नये म्हणून तिला वेगळी साखळी. साखळीचा विचार त्यांना सुचला, माझ्या नवऱ्याला नाही, हे मी त्या दिवशीच मनात नोंदवून ठेवलं.

सासूबाईंनी पदर खोचला आणि बसल्या. क्षणभर काही झालं नाही. मग टक्क असा एक आवाज आला, पाठोपाठ दुसरा. प्लास्टिकच्या पट्ट्या तुटल्या, सुटकेसचा पट्टा बकलातून सरकला, बॅटरी साखळीला लोंबकळली आणि सासूबाई गादीवर मांडी घातल्यासारख्या बसल्या.

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे.

"सून गेली," त्या म्हणाल्या.

नवरा गाडीत जाऊन बसला. त्याची समजूत घालायला मी गेले नाही. मेलेल्या माणसाने समजूत घालायची नसते.

नंतरचे तीन रविवार बॅटरीचेच होते. मेशोमशाईंनी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीची चौकट केली. बॅटरी तिच्यात चारी बाजूंनी घट्ट बसली, आतून पातळ रबर लावलं. वरून लोखंडी आडपट्टी आणि दोन लांब बोल्ट, हादऱ्याने ढिले होणार नाहीत असे नट. सगळ्यात जास्त वेळ चौकट विमानाला जोडण्यात गेला. नवरा ती नुसत्या पत्र्याला जोडायला निघाला होता. मेशोमशाईंनी त्याच्या हातात एक रिकामा बिस्किटांचा डबा दिला आणि झाकणाला स्क्रू लावून ओढायला सांगितलं. झाकण फाटलं, स्क्रू शाबूत हातात आला. मग पत्र्यामागे जाड पट्ट्या घातल्या आणि चौकट आतल्या कण्याला बांधली.

याच काळात नवऱ्याने बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पाडला. फाडकन निळी ठिणगी उडाली आणि पान्याला तांदळाएवढा खड्डा पडला. मेशोमशाईंनी शांतपणे त्याचा हात हातात घेतला आणि बोटातली अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवली. धातू अंगावर असेल तर बॅटरीजवळ यायचं नाही. वजाची तार काढताना आधी काढायची, लावताना शेवटी लावायची. अधिकाच्या टोकावर रबराची टोपी कायम. लग्नाची अंगठी नवऱ्याने तेव्हापासून घातलेली नाही. कारण विचारलं की तो विमानाचं सांगतो.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सासूबाई पुन्हा झोपाळ्यावर बसल्या. या वेळी काही वाजलं नाही. मेशोमशाई गुडघ्यावर बसून फूटपट्टीने चौकट मोजत होते. तीन सेकंद पुरे होते म्हणे. पण सासूबाईंनी चहा मागितला, मातीच्या भांड्यातला चहा सावकाश प्यायल्या आणि मग मेशोमशाईंकडे बोट करून मला म्हणाल्या, "आता दादांना विचार, उतरू का."

"दिदी," मेशोमशाई म्हणाले, "आपण फर्स्ट क्लास वजन आहात."

मी सासूबाईंना इतकं लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

थंडीत विमान ट्रकवर घालून शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर नेलं. उडवायचं नव्हतंच, त्याची परवानगी कागदांमध्ये कुठेतरी पडली होती. नुसतं जमिनीवर पळवून बघायचं होतं. मला सीटवर बसवलं. मेशोमशाई शेजारी, नवरा मोबाइलवर व्हिडिओ घेत बाहेर, सासूबाई छत्री घेऊन कडेला. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि मी ओरडून हसले. आमचा वेग वाढला. दोन्ही बाजूंचं गवत मागे पळायला लागलं.

तेवढ्यात डावीकडून बकऱ्या आल्या. पाच-सहा, कुठलीही घाई नसलेल्या. मेशोमशाईंनी ब्रेक दाबले आणि वळवलं. पुढचं चाक धावपट्टीच्या कडेच्या खड्ड्यात गेलं. नाक खाली, शेपूट वर, पुढचा पंखा मातीत घुसून मोडला. मी पट्ट्यांना लटकून समोरच्या काचेतून जमीन बघत होते. जमिनीवर एक मुंगळा चालला होता. मागून काहीही आलं नाही.

मेशोमशाईंच्या हनुवटीतून रक्त येत होतं. त्यांनी आधी हात लांबवून बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला, मग मला बंगालीत काहीतरी विचारलं. मी मराठीत ठीक आहे म्हटलं. सासूबाई छत्री टाकून पळत आल्या. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचं पळणं बघण्यासारखं होतं. त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं, आधी माझ्या मागे बघितलं, चौकट हाताने चाचपली, आणि मग माझ्या गालाला हात लावला. त्या हाताबद्दल आम्ही दोघी अजून बोललेलो नाही.

त्या आठवड्यात नवऱ्याने व्हिडिओवरून गणित केलं. झटका नऊपट सोडा, दुपटीचाही नव्हता. "म्हणजे खरं तर," तो म्हणाला, "माझ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनीही धरली असती."

मी आणि सासूबाई एकाच वेळी ताटावरून उठलो.

मेशोमशाई दोन रविवार शेडवर गेलेच नाहीत. बाल्कनीत बसून राहायचे. आपण एका माणसाला इजा केली असती, एवढंच म्हणायचे. तिसऱ्या रविवारी सासूबाई खाली गेल्या आणि त्यांच्या हिंदीत म्हणाल्या की बकऱ्या तुमच्या नव्हत्या, खड्डा तुमचा नव्हता, तुमची होती ती चौकट, आणि ती हलली नाही. मग त्यांना चपला घालायला लावल्या.

नवा पंखा यायचा आहे. नवऱ्याची पुण्याला परत बदली निघाली होती, ती त्याने वर्षभर पुढे ढकलून घेतली. सध्या तो आणि मेशोमशाई पुढच्या चाकाचा दांडा सरळ करत आहेत आणि सासूबाई त्या दोघांवर लक्ष ठेवून आहेत. मी बसणार की नाही, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मागच्या रविवारी मात्र नवऱ्याने एक्सेल उघडून माझं वजन पुन्हा विचारलं, आणि मी खरं सांगितलं.