मागची सीट

मोटारसायकलवर आमच्या ह्यांच्या मागे बसले की माझं लक्ष रस्त्याकडे कधीच नसायचं. ते असायचं आरशात, ह्यांच्या ओठांकडे. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायला लागले की समजायचं, फिटचा झटका आला. अंग थरथरत नाही, तोंडाला फेस येत नाही. मिनिटभर माणूस नुसता समोर बघत राहतो आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. म्हणून तर ह्यांचा त्यावर विश्वासच नव्हता.

परभणीच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला, ह्यांच्या काही पेशी मेल्या होत्या. त्यातही नेमक्या इतरांना आवरणाऱ्या. "बाकीच्या एकदा भडकल्या की त्यांना 'पुरे' म्हणणारं तिथं फारसं कुणी उरलं नाही. गोळ्या चुकवू नका, आणि गाडी बंद."

"आवरणारी घरी हाय की एक," हे म्हणाले. डॉक्टर हसले, माझं मात्र डोकं फिरलं. गोळ्या हे घ्यायचे, गाडी काही सोडेनात. बायको चालवणार आणि कॉलेजातला हेडक्लार्क मागं बसणार, लोक काय म्हणतील!

एका शनिवारी आम्ही पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला निघालो. समोरून कापसाचा ट्रक येत होता, आणि आरशात ओठ हलले. डावा हात हँडल सोडून शर्टाच्या गुंड्या चाचपू लागला.

"अहो!" मी ओरडले. गाडी ट्रककडे सरकत होती. मी त्यांच्या काखेखालून झुकून किल्ली फिरवली, हँडल ओढलं. गाडी रस्ता सोडून मातीत गेली आणि आडवी झाली. आम्ही खाली पडलो तरी ह्यांची बोटं गुंड्या काढतच होती.

"गाडी कामून बंद केलीस?" भानावर आल्यावर हे म्हणाले.

मी शर्टाकडे बोट दाखवलं. पार उघडा होता. ह्यांनी एकेक गुंडी लावली, माझ्यासोबत गाडी उभी केली आणि स्वतःच मागं बसले. त्यांच्या उपरण्याने मी त्यांना माझ्या कमरेशी बांधलं. गाडी चालवायला मी माहेरीच शिकले होते. पण आता आरशात माझाच खांदा दिसत होता, ह्यांचे ओठ नाहीत.

"काहीबी बोला," मी म्हटलं, "पर गप बसू नका."

माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवत हे बोलत राहिले. फाट्याजवळ एकदम गप्प झाले. मी गाडी हळू केली.

"अहो, काय झालं?"

"भ्याव वाटायलंय," हे म्हणाले. "मागं बसल्यावर लय भ्याव वाटतंय गं. तुला रोज असंच वाटायचं का?"

"रोज," मी म्हटलं.