हवेवरचं टेबल आणि नारळ

सर्व विज्ञानप्रेमी जनांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या प्रयोगशाळेत भर सकाळी प्रकाशाचे आकस्मिक निधन झाले. निधनाचे कारण : नारळ.

सविस्तर सांगतो. माझी विद्यार्थिनी पिशोर गावची. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर तिनं केसाहून बारीक वाटा कोरल्या होत्या. त्यांतून लेझरचा प्रकाश पळवायचा, वर पाण्याचा थेंब सोडायचा. पाण्यात खत उतरलेलं असेल तर पडद्यावरची रेघ सरकते. एवढंच! पण तो प्रकाश चिपमध्ये शिरवणं म्हणजे धावत्या रिक्षात बसून सुईत दोरा ओवणं. त्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक रेघ सरकताना स्वतः बघणार होते. सरकली तर प्रबंध पुढं, नाहीतर पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात. पहाटेपासून बसून तिनं प्रकाश जुळवला. मी पंखे बंद केले, परीक्षकांनासुद्धा बूट काढायला लावले.

आणि आमचे विभागप्रमुख हळदकुंकू नि नारळ घेऊन अवतरले. "नवं टेबल आलंय, पूजा नको का?"

हे टेबल हवेच्या पायांवर तरंगतं. का? तर जमिनीचा हादरा चिपला लागू नये म्हणून! मी "अहो सर, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी त्याच टेबलाच्या कडेवर नारळ हाणला.

"काय भक्कम आहे हो! एका दणक्यात फुटला."

रेघ गायब. मी कपाळाला हात लावला. पोरगी चिपवर वाकली. पुन्हा स्क्रू फिरवत बसली. परीक्षक घड्याळ बघायचे आणि मी त्यांना चहा पाजायचो. चहा, परत चहा, मग माझे विनोद. विनोदांना ते जास्त कंटाळले.

अखेर प्रकाश शिरला. परीक्षकांनी हर्सूल तलावाच्या पाण्याचा थेंब स्वतःच्या हातानं सोडला. रेघ थरथरली, हळूहळू सरकायला लागली. मी श्वास रोखला. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "मघाचा नासका निघाला हो. अपशकुन नको." वळून बघतो तर प्रमुखांच्या उंचावलेल्या हातात दुसरा नारळ!

आजवर "व्हय सर" यापलीकडं न गेलेली ती मुलगी दोन्ही हात पसरून टेबलापुढं उभी राहिली आणि सगळ्या विभागाला ऐकू जाईल अशी ओरडली :

"ओ सर, तो नारळ माझ्या टाळक्यात फोडा, पण टेबलाला हात लावू नका!"